गाडीवरून पडले

मुलगी बारावीला. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, दुसऱ्याला समजावून सांगितलं की आपल्या डोक्यात बसतं. घरात दुसरं कोण? मी. माझी शाळा चौथीपर्यंत. दुपारी मी शेंगा फोडत बसले की ती गाईड घेऊन समोर यायची.

एकदा म्हणाली, "आई, ‘मला भाकरी दिसती.’ आता भाकरी काढ आन् तिथं आख्खं वाक्य बसव. ‘मला दिसतं की ट्रॅक्टर आला.’ ह्याला नाऊन क्लॉज म्हणत्यात. नावाच्या जागी बसलेलं वाक्य."

"मला तर एकच वाक्य दिसतं."

"दोन हायती. एक दुसऱ्याच्या पोटात. पोटातलं काढलं तर ‘मला दिसतं’ एवढंच राहतं. काय दिसतं, ते कळतच न्हाई."

दारात मुलीचे पप्पा उभे होते. हसले. "चौथी पास बाई इंग्रजी शिकती. उद्या तहसीलदार व्हईल, मग आम्हाला अर्ज करावा लागंल."

त्याच आठवड्यात बांधावर मारामारी झाली. आमचं आणि धाकट्या दिराचं रान शेजारी आहे, मध्ये हातभर बांध. दर नांगरटीला हे त्यातलं नांगराचं एक तास आपल्याकडे ओढायचे. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा भावजी ट्रॅक्टरच्या पुढे आडवे उभे होते.

"दादा, आता पुरं. बांध राहिलाच न्हाई."

ह्यांनी ट्रॅक्टर बंद केला, पेटीतली चाकं खोलायची लोखंडी टॉमी काढली आणि काही न बोलता खाली उतरले. पहिला घाव भावजींनी उजव्या हातावर झेलला. उसाचं वाळलेलं टिपरू मोडावं तसा आवाज झाला. दुसरा गुडघ्यावर बसला. भावजी ढेकळांत पडले, तरी तिसरा खांद्यावर दिलाच. मी पाच-सहा पावलांवर होते. पाटी डोक्यावर तशीच होती. ओरडावंसं वाटलं, तोंडातून आवाज निघाला नाही. लोकांसमोर माझा आवाज कधीच निघत नाही. तिथं तर लोकही नव्हते.

आमच्याकडे बांधावरचा मार दवाखान्यात सांगत नाहीत. गाडीवरून पडलं म्हणायचं. मार सांगितला की पोलीस येतात. मग गावात बसून मिटवता येत नाही. शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "पडले. गाडीवरून." भावजींनीही दात आवळून मान हलवली. त्यांनाही तेच बरं वाटलं. चार माणसं बसतील, बांध परत मिळेल, असं त्यांच्या मनात होतं.

महिन्याभरानं माणसं बसली. हात प्लास्टरमधून निघाला होता, पण बोटं मिटत नव्हती. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं तसे हे म्हणाले, "मी मारलं? दवाखान्याचा कागद बघा. गाडीवरून पडलाय. खुद्द माझ्या बायकोनं सांगितलंय." माणसं चहा पिऊन उठली. बांधही गेला आणि हातही.

जाऊ माझ्या दारात येऊन बसली. रडली नाही. "अक्का, बघणाऱ्या तुम्ही एकल्याच. तुम्ही बोललात तर केस हुईल. न्हाई तर त्यांनी एका हातानं काय करायचं, ते तरी सांगा."

ती गेल्यावर ह्यांनी दार लावलं. पाण्याचा पाइप घेतला आणि माझा उजवा हात उंबऱ्यावर धरून हाणायला लागले. "सांगशील? सांगशील?" मुलगी मध्ये पडली तशी तिच्याही पाठीवर दोन बसले. गाईड फाडून चुलीत टाकलं. चूल पेटलेली नव्हती, म्हणून निम्मं वाचलं.

दुसऱ्या दिवशी हे रानात गेल्यावर मुलगी पानं चिकटवत होती. एका प्रश्नावर मराठीत लिहिलेलं होतं, ‘अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहा.’ मी विचारलं, "बदलला तर?"

"मार्क मिळत न्हाईत."

"मी दवाखान्यात बदलला." एवढंच म्हणाले. तिनं डिंकाची बाटली बंद केली आणि माझी बरी साडी काढून दिली.

शिरूरला पोलीस ठाण्यात हवालदारांनी दोनदा सांगितलं, "बाई, मोठ्यानं बोला." मुलीनं पाठीला हात लावला. मी म्हणाले, "मी बघितलं की माझ्या नवऱ्यानं त्याच्या भावाच्या हातावर टॉमी मारली. मग गुडघ्यावर, मग खांद्यावर. तीनदा मारली. मी बघितलं."

"दवाखान्यात तर पडले म्हणालात."

"ते मी खोटं बोलले. तिथं मी काय बघितलं, ते मला कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नाही."

त्यांनी माझ्या सुजलेल्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "हे पण पडूनच का?" मी तेही सांगितलं. लिहून झाल्यावर मी कागद मागून घेतला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली, त्याला वेळ लागला. सही डाव्या हातानं केली.

बाहेर हे उभे होते. कोणी तरी फोन केला असणार. लोक होते म्हणून हात उचलला नाही. "घरी ये," एवढंच म्हणाले. आम्ही घरी गेलो नाही. दौंडची एसटी धरली, माझ्या भावाकडे. त्या अख्ख्या वाटेत, पुढच्या थांब्यावर हे चढतील असं मला वाटत होतं. मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पाठ दुखत असल्यामुळे तिला टेकून बसता येत नव्हतं.

कोर्टात केस लागली आहे. भावजींची बोटं अजून मिटत नाहीत. माझी करंगळीही नीट वळत नाही, त्यामुळे हे सगळं लिहिताना अक्षर वाकडं येतं. मुलगी म्हणते, वाचता येतं.