दोन सूर खाली

मारेगावात कार्यक्रमासाठी कीबोर्ड भाड्याचा मिळाला. आवाज माझ्या लॅपटॉपमधले, तरी अनोळखी कीबोर्ड मी आधी खालपासून वरपर्यंत वाजवून पाहतो. हा सगळाच दोन सूर खाली लावलेला होता. सेटिंग बदलायला गेलो, तर कीबोर्ड घेऊन आलेल्या माणसानं बटणावर तळहात ठेवला.

"राहू द्या, भाऊ. माह्या लहान्या भावाची पट्टी हाये थे. ढाल्या आवाजात गाये."

"मग आज त्यालाच गाऊ द्या ना."

"मांगच्या साली कपाशी फवारायले गेलता. औषध चढलं," म्हणत तो स्वच्छच कीबोर्ड दुपट्ट्यानं पुसत राहिला.

मी लॅपटॉपातच दोन सूर चढवून घेतले. कार्यक्रम झाला, कुणाला काही कळलं नाही. निघताना त्यानं कीबोर्डचा एक सूर वाजवला, तो खालीच आहे हे ऐकलं आणि मगच कीबोर्ड खोक्यात ठेवला.