धोका नाही

तो फॉर्म आठवला की आजही माझं टाळकं सरकतं. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात मी तो एका निसर्गसंस्थेसाठी बनवला होता. प्राणी, झाडं, पाणथळी यांना असलेल्या धोक्यांची जगभर एकच ठरलेली यादी, प्रत्येक धोक्याला नंबर. सर्व्हे करणाऱ्यांनी त्यातलंच निवडायचं. स्वतःच्या शब्दांत लिहायची सोय मीच काढून टाकली होती.

टेस्टिंगसाठी जागा हवी होती, म्हणून मी खिडकीतून दिसणारं, ऑफिसमागचं बेडकांचं तळं टाकलं, ‘धोका नाही’ निवडलं आणि ती नोंद पुसायला विसरलो. फॉर्म लाइव्ह झाला, त्याबरोबर नोंदही.

काही महिन्यांनी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, तळं बुजवून गाड्यांसाठी पार्किंग बांधायचं ठरवलं. तिथले बेडूक वर्षानुवर्षं मोजणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका फोनवर कडाडल्या, "तुमच्या सिस्टिममध्ये धोका नाही म्हणे! कौन्सिलवाले तेच माझ्या तोंडावर फेकतायत."

मी माझ्यासारख्याच पुण्याहून आलेल्या मॅनेजरकडे धावलो.

"अरे, चेंज रिक्वेस्ट टाक ना. प्रोसेस आहे."

एक ओळ बदलायला प्रोसेस! आणि मीही, हात जोडून बसलेल्या गड्यासारखा, मुकाट रिक्वेस्ट टाकली. त्याचाच जास्त संताप येतो.

मंजुरी आली तेव्हा तळं बुजलं होतं. मी खरा धोका निवडला, ‘व्यापारी बांधकाम’. फॉर्मने विचारलं, धोका कधीचा? यादीतलं एकच उत्तर बसत होतं. मी ते निवडलं: ‘होऊन गेला. पुन्हा येण्याची शक्यता नाही.’