अंगठ्याखालचा घोडा

सिंगापूरच्या आमच्या शूटिंग क्लबात दर शनिवारी एक चिनी अंकल यायचे. हौगांगच्या स्टॉपवर आम्ही एकाच बसमध्ये चढायचो, पण मी त्यांचं नाव कधी विचारलं नाही. आम्ही बाकीचे हलकी, भराभर झडणारी पिस्तुलं घ्यायचो. ते मात्र सगळ्यांत जड, मोठ्या गोळीचं, जुन्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर मागायचे. त्याचा नळीमागचा घोडा प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. नुसता चाप दाबून काही होत नाही. अंकल आधी अंगठा पँटला पुसायचे, मग घोडा ओढायचे. बार उडाला की नळी वर उसळायची. ते तिच्याशी झगडायचे नाहीत, खाली येईपर्यंत थांबायचे.

"अंकल, एवढा खटाटोप कशाला?" मी एकदा विचारलं.

"घोडा ओढेपर्यंत मन बदलता येतं, लाह," ते इथल्या ढंगात म्हणाले.

मध्ये बरेच शनिवार ते दिसले नाहीत. मग आले ते मनगटावर नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलचा पट्टा घेऊनच. त्यांनी घोडा ओढला आणि नळी थरथरू लागली. रेंज ऑफिसर त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. अशा वेळी नेमबाजाला थांबवणं त्याचं काम होतं.

अंकलनी नळी समोरच ठेवून घोडा अंगठ्याने धरला, चाप दाबला आणि बार न उडवता घोडा अलगद खाली आणला. मग गोळ्या काढून रिव्हॉल्व्हर ऑफिसरच्या हातात दिलं.

'थांबा' म्हणायची वेळ त्यांनी कुणावर आणली नाही.