गाठ मारून दाखवली तेव्हा
सुताच्या खळीचा वास आला की माझा हात अजून डोक्यावरच्या खाचेकडे जातो. सोलापुरात गिरणीत मागावरचा, आडवं सूत नेणारा धोटा उडून मला डोक्यात लागला आणि डॉक्टरांनी कवटी उघडून आत साकळलेलं रक्त काढलं. शुद्धीवर आल्यावर मी नाव सांगितलं, बोटं मोजली. डॉक्टर खूश झाले, पण पाळी सुटल्यावर खळीच्या वासासकट आलेल्या गिरणीतल्या माझ्या जोडीदारांचं समाधान होईना. एकानं खिशातून सूत काढलं, तोडलं नि माझ्या हातात दिलं. "जोड की." मी छताकडे बघत होतो, बोटांनी आपली आपण गाठ मारली. त्यानं ती ओढून पाहिली, नखानं चाचपली. "त्योच हाय ह्यो," तो आईला म्हणाला. सकाळपासून खाटेशी उभी असलेली आई तेव्हा कुठं खाली बसली. आता सुईत दोरा ओवायला मला नात लागते, पण तुटलेला दोरा मी कुणाला जोडू देत नाही.