मोज्याचं गर्भाशय

माझ्याकडे आयर्लंडमध्ये, लेटरकेनीला आल्यापासून आईचं एकच पालुपद होतं, "माझं गुडघं दुखत्यात, तू जा." समुद्रकिनारा नको, बाजार नको. मला भयंकर राग यायचा.

माझी स्त्रीरोगशास्त्राची परीक्षा तोंडावर आली होती आणि गर्भाशयाला जागेवर धरणारे बंध काही केल्या डोक्यात राहत नव्हते. शेवटी एका रविवारी मी पायमोज्यात कापूस भरला आणि बुटांच्या खोक्याच्या बुडाला भोक पाडून त्यात तो टांगला. दोन्ही बाजूंनी रक्त आणणाऱ्या धमन्या लाल लोकरीच्या, त्यांच्याखालून जाणाऱ्या मूत्रनलिका पिवळ्या. ऑपरेशनमध्ये लाल बांधताना पिवळी चिमटीत आली की गहजब! बंधांसाठी आईच्या परकराच्या नाड्या पळवल्या. वरच्या नाड्या कचकचून आवळल्या, तरी मोजा भोकातून खाली लोंबायचाच.

आईनं साताऱ्यात जन्मभर ब्लाउज शिवलेले. तिला ते बघवेना.

"आण हिकडं. डॉक्टर झालीस, पर टाका घालायचं वळण न्हाई."

तिनं वरच्या नाड्या सैल सोडल्या आणि तळाजवळच्या, बाजूच्या नि मागच्या, ताणून शिवल्या. मोजा जागेवर बसला.

"वरच्या नुसता तोल धरत्यात. भार ह्यांच्यावर."

पुस्तकात अगदी हेच होतं! मी तिला मिठीच मारली. ती मात्र मोज्याकडे बघत राहिली.

"आन् ह्या सैल पडल्या तर?"

"मग अंग बाहेर येतं."

"माझं येतंय. तू कालेजात गेलीस तवापासनं."

मला रडूच फुटलं. दवाखान्यात रोज परक्या बायकांना 'अंग बाहेर येतं का?' विचारणारी मी, घरात गुडघ्यांवर विश्वास ठेवून बसले होते.

"सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कुटं?"

ओळखीच्या एका डॉक्टरबाईंनी तिला तपासून आत आधाराची मऊ रिंग बसवली. काही मिनिटांचं काम. "ऑल ग्रँड?" सगळं ठीक ना, असं त्यांनी इथल्या पद्धतीनं विचारलं. आईनं ऐटीत उत्तर दिलं, "ग्रँड!"

शनिवारी सकाळी तिनं मला किनाऱ्यावर इतकं चालवलं की मीच वाळूत बसकण मारली. मला इतका आनंद झाला होता की दमल्याचंही हसू येत होतं. घरी येताच तिनं गावाकडे मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि खोका फोनपुढे धरून कुठली नाडी कशाची ते सगळं समजावलं.

"तुला बी हाय न्हवं हे?"

मावशीनं मागं वळून बघितलं. मग तिच्या खांद्यामागून तिची जाऊ पुढं आली, डोक्यावरचा पदर सावरत.

"आक्का, ते खोकं जरा जवळ धरा की."