हरिश्चंद्र भावोजींचं इंग्रजी गाऱ्हाणं

आमच्या शेजारचे हरिश्चंद्र भावोजी म्हणजे वाडीतर्फे देवाला गाऱ्हाणं घालणारे. हातात नारळ घेऊन असे खणखणीत बोलणार, मागून सगळी वाडी "व्हय म्हाराजा!" म्हणणार, की झोपलेला देवसुद्धा उठून बसेल. आणि हा माणूस गेले दोन महिने अंगणात "आय अ‍ॅम, यू आर" घोकत होता!

कारण दर्शना, त्यांची एकुलती लेक. बंगळूरला नोकरी करते, तिथंच मदुराईकडचा मुलगा पसंत केलान. मुलाचे वडील मुरुगेशन. त्यांना मराठी येत नाही, हिंदीही नाही.

"बाबा, मी सांगेन ना त्यांना इंग्रजीतून," दर्शना म्हणाली.

"माझ्या लेकीला सांभाळा, हे लेकीनंच सांगायचं? बाप काय मुका आहे?" भावोजी भडकले. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या बाजारातून इंग्रजी व्याकरणाचं पातळसं पुस्तक घेऊन आले.

मी मधल्या दगडी गडग्यापलीकडून ऐकायची. एकदा म्हणतात, "शी आर माय डॉटर."

"अवो भावोजी, लेक एकच ना? मग 'इज' म्हणा. 'आर'साठी अजून दोन-चार हव्यात!"

त्यांची बायको तुळसा घरातून ओरडली, "वहिनी, भलतं काय शिकवू नका त्यांना या वयात!"

ठरल्या दिवशी व्याही आले, वाडीतल्या आम्ही बायकाही जमलो, चहा झाला. भावोजी बोलायला उठले. "धिस... धिस..." दर्शना मदतीला उठणार, इतक्यात तुळसानं ओटीचा नारळ नवऱ्याच्या हातात कोंबलान. झालं! मान ताठ.

"धिस इज माय हाऊस, म्हाराजा!"

आम्ही बायका सवयीनं, "व्हय म्हाराजा!"

"शी इज माय डॉटर!"

"व्हय म्हाराजा!"

"शी वॉज स्मॉल. नाऊ शी इज बिग. शी विल बी इन युवर हाऊस. यू विल..." आवाज फाटला मेला. "यू विल लव्ह हर, म्हाराजा!"

आम्ही 'व्हय' म्हणायचं सोडून पदरानं डोळे टिपत बसलो. तेवढ्यात मुरुगेशन उठले, हात जोडलेनी आणि खड्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मग भावोजी थांबतायत कसले! व्याह्यांचा हात धरून परसात नेलेनी. "धिस इज अ फणस. दॅट इज अ विहीर." इकडे माझे घावणे गार झाले आणि हे दोघं अजून गोठ्यापाशीच!