भिंतीखालची हरळी

सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणायची. पस्तीस वर्षं ती दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाली तरी कुणाचं पोर तापलं, कुणाची जखम चिघळली, की हाक तिलाच. पण जगाची सिस्टर असलेल्या या बाईचा सख्ख्या धाकट्या बहिणीशी चार वर्षं अबोला होता. आणि ती धाकटी राहायची कुठे, तर भिंतीपलीकडे. वडिलांच्या घराचे दोन भाग झाले होते आणि परसाच्या मधोमध कमरेएवढी भिंत उभी होती. इकडे सिस्टरचे भाज्यांचे वाफे, तिकडे धाकटीचं शिवणकाम.

कारण होतं आईचं. आई शेवटचे दीड महिने सिस्टरकडे अंथरुणावर होती आणि पहिल्या आठवड्यानंतर धाकटी तिकडे फिरकली नाही. मातीला आली, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली आणि निघून गेली. सिस्टर दर रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, मी तिला माफ केलंय." आणि घरी परतताना धाकटीच्या दाराकडे ढुंकूनही बघायची नाही.

त्या वर्षी भिंतीलगतच्या बिटाच्या वाफ्यात हरळी शिरली. सिस्टर दर शनिवारी खुरप्याने गवत साफ करायची. आठवडाभरात ते पुन्हा हजर. बीट गोटीएवढे राहिले. शेवटी ती हट्टाला पेटली. कुदळ घेतली आणि एक मुळी धरून खणत निघाली. दोरीसारखी पांढरी मुळी, पेरापेराला नवा कोंब. वीतभर खोल जाऊन ती थेट भिंतीच्या पायाखालून पलीकडे गेली होती.

सिस्टरने उठून हाताची माती झटकली. मग कुदळ खांद्यावर टाकली, वळसा घातला आणि धाकटीचं दार वाजवलं.

धाकटीच्या गळ्यात मापाची टेप होती, ओठांत टाचणी. टाचणी काढून ती म्हणाली, "ताई?"

"तुझ्याकडची हरळी माझ्याकडे येतेय."

"मी तर समजत होते, तुझ्याकडची माझ्याकडे येते."

दोघी खणायला बसल्या. तासाभरात मुळ्यांचा ढीग झाला. मग धाकटी मान वर न करता म्हणाली, "आईकडे यायचं मी का सोडलं, ते तू एकदाही विचारलं नाहीस."

"विचारायचं काय त्यात? येत नव्हतीस, ते दिसत होतं."

"मी आईला पाणी पाजत होते, तिला ठसका लागला. तू माझ्या हातातून पेला ओढून घेतलास. म्हणालीस, तुला यातलं काही कळत नाही, तू येऊच नकोस, मी समर्थ आहे."

सिस्टरला पेला आठवला. बोलणं आठवलं नाही. पण आपण असं बोलू शकतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दवाखान्यातल्या शिकाऊ मुलींना ती असंच फटकारायची. चार वर्षं ती माफ करणारीच्या थाटात गुडघे टेकत आली होती. खरं तर माफी तिनेच मागायची होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. शब्द सवयीचे नव्हते. "आईपासून मी तुला तोडलं. मला माफ कर."

धाकटी रडली, भांडलीही. चार वर्षांचं साचलेलं एका दिवसात कुठून निघणार? तीन आठवडे रोज संध्याकाळी दोघी माती चाळत होत्या, आईच्या गोष्टी काढत होत्या, मध्येच हमरीतुमरीवर येत होत्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला हजर. चौथ्या रविवारी त्या चर्चमध्ये एकाच बाकावर बसल्या, तेव्हा पाळकांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं.

पुढे महिलांच्या प्रार्थनासभेत बोलायची पाळी आली, तेव्हा सिस्टरने ठणकावून सांगितलं, "बायांनो, नुसतं 'माफ केलं' म्हणणं म्हणजे वरवरचं गवत कापणं. प्रभूला खालचं मूळ दिसतं. ते काढायचं तर उठून त्या माणसाच्या दारात जावं लागतं."

"आणि ते मूळ आपल्याच वाफ्यातून निघालेलं असतं, तेही सांग," धाकटी शेजारून म्हणाली.

"सांगतेय ना," सिस्टर म्हणाली. "तू बोलू दिलंस तर."